खाजऱ्या कानाला कुठलं मशीन सोसेल?

पत्र असं आहे:

"मी ६८ वर्षांची, निवृत्त शिक्षिका. चिपळूणला राहते. दोन-तीन वर्षं झाली, ऐकू कमी येतं. म्हणजे आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत. भाजीवाला 'साठ' म्हणतो, मला 'आठ' ऐकू येतं आणि भर बाजारात हसं होतं. कानाच्या डॉक्टरांनी तपासून मशीन लावा म्हणून सांगितलं. लेक पुण्याला दुकानात घेऊन गेली. तिथे कानाच्या आत बसणारं, बाहेरून दिसत नाही असं मशीन दिलं. तिसऱ्या दिवशी अशी खाज सुटली की रात्री उठून अंबाड्याच्या आकड्याने कान कोरला. आठवड्यात कान लाल आणि ओला. दुकानदार म्हणतो, सवय होईल. माझी कातडी मुळातच नाजूक. खोटे कानातले घातले की पाळी चिघळते. कानाची खाज लहानपणापासूनची. आई लसणीचं तेल सोडायची, मीही सोडते. पूर्वी डॉक्टरांनी दिलेले थेंब घरात आहेत, तेही मधूनमधून घालते. मशीन आता साड्यांच्या कपाटात पडून आहे. सिलिकॉनचं घेऊ का? 'ॲलर्जी होत नाही' म्हणून विकतात ते खरं असतं का? हाडावर लावायचं मशीन असतं म्हणे, ते घेऊ? की माझ्या कानाला मशीनच नाही?"

बाई,

शिक्षिका म्हटल्यावर दुसरी हाक तोंडात येत नाही, तेव्हा बाईच म्हणते.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. तुमच्या कानाला मशीन आहे. झालं एवढंच की दुखावलेला कान तसाच ठेवून त्यात सगळ्यात घट्ट बसणारा प्रकार घातला गेला. दुकानात तुमचा ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, बघितला, कान कुणी बघितला नसावा. "दिसत नाही" हा गुण विकायला सोपा असतो, आणि आपल्याकडे मशीन दिसण्याची लाज बहिरेपणापेक्षा मोठी. चष्म्याची आता कुणाला लाज वाटत नाही, मशीनची अजून वाटते. असो, तो वेगळा विषय.

कानाची नळी जेमतेम अडीच सेंटीमीटरची. तिचा बाहेरचा साधारण एक तृतीयांश भाग कुर्चेचा. तिथली कातडी जाडसर, बारीक केस असलेली, आणि मळ तयार करणाऱ्या ग्रंथी तेवढ्याच भागात. त्याच्या आतला भाग हाडाचा. त्यावरची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ, खाली गादी म्हणून काही नाही. तुम्हाला दिलेलं मशीन नेमकं त्या नाजूक भागाकडे जाऊन बसतं आणि नळीचं तोंड बुचासारखं बंद करतं. आत घाम आणि दमटपणा कोंडतो. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात एखाद्याने ते सोसलंही असतं, पण चिपळूणच्या पावसाळ्यात ओला टॉवेल दोन दिवस वाळत नाही, तिथे बूच मारलेला कान कसा वाळणार?

मळाबद्दलही थोडं सांगते, कारण तुमचा आकडा मला झोपू देत नाहीये. मळ म्हणजे घाण नाही. तो किंचित आम्ल असतो, पाणी टिकू देत नाही, बुरशीला थारा देत नाही. शिवाय नळीतली कातडी स्वतःच हळूहळू बाहेरच्या दिशेने सरकत असते, मळ तिच्यावर बसून आपला आपण बाहेर येतो. तुम्ही आकडा घालून हा थर खरवडता. कातडी उघडी पडते, कोरडी होते, खाजते, म्हणून पुन्हा आकडा. लहानपणापासून हेच चाललं असेल तर त्या कातडीला धड भरून यायला सवड मिळालेलीच नाही. वर ओरखड्यांतून जंतू शिरतात ते वेगळंच.

आता तुमचं पत्र मी दोनदा वाचलं ते का, ते सांगते. मशीनचे प्रश्न तुम्ही शेवटी विचारले आहेत, पण खाजेची उत्तरं मधल्या तीन ओळींत आहेत.

पहिली ओळ तेलाची. कोरड्या कातडीला तेलाने तात्पुरतं बरं वाटतं, हे खरं. पण दमट हवेत, बंद नळीत, लसणीचे कण असलेलं तेल म्हणजे बुरशीला पंगत. पावसाळ्यात कानाच्या डॉक्टरांकडे जी गर्दी होते त्यात कानातल्या बुरशीचा वाटा मोठा असतो. दुर्बिणीतून बघितलं तर ओल्या वर्तमानपत्राचा लगदा भरल्यासारखं दिसतं, पांढुरकं, त्यावर काळे ठिपके. खाज अशी की माणूस चालत्या गाडीत कानात बोट घालून हलवत बसतो. तुमचा कान ओला झालाय हे वाचून मला पहिला संशय याचाच आला. तसं असेल तर डॉक्टर नळी साफ करतील आणि बुरशीवरचे थेंब देतील. घरी पाणी मारून साफ करायला जाऊ नका. आणि तेल बंद. आपल्या भाषेतसुद्धा तेल डोळ्यांत घालून पहारा करतात, कानात घालून नाही. (कातडी फारच कोरडी असेल आणि पडदा शाबूत असेल तर डॉक्टर कधीकधी रात्री एखादा थेंब साधं तेल सांगतात. तो त्यांनी सांगितल्यावर, मशीन काढून ठेवल्यावर. लसूण नाही.)

दुसरी ओळ घरातल्या जुन्या थेंबांची. बाटलीवर निओमायसिन असा शब्द आहे का, तेवढा बघा. चांगलं औषध आहे, पण वरचेवर कानात घातलं तर काहींना त्याचीच ॲलर्जी जडते. मग खाज आली की थेंब, थेंबांनी खाज. नेमकं काय कशाने होतंय हे कुणालाच कळत नाही. बाटली डॉक्टरांकडे घेऊन जा, नुसतं नाव सांगू नका. किती वर्षांपूर्वीची आहे तेही त्यांना दिसू दे.

तिसरी, खोट्या कानातल्यांची. पाळी चिघळते ती बहुतेक निकेलने. याचा मशीनशी थेट संबंध कमी, कारण कानाला लागणारा मशीनचा भाग प्लॅस्टिकचा नाहीतर सिलिकॉनचा असतो. पण तुमची कातडी ॲलर्जी धरणारी आहे, एवढं त्यातून कळतं. चामडीच्या डॉक्टरांकडे पॅच टेस्ट होते. पाठीवर संशयित पदार्थांच्या पट्ट्या लावतात, दोन दिवसांनी काढून बघतात, पुढे एक-दोन दिवसांनी पुन्हा बघतात. ज्याला मशीनच्या साच्याचा (कानाचं माप घेऊन केलेल्या, कानात बसणाऱ्या तुकड्याचा) त्रास होतो अशी शंका आहे, त्याच्या स्वतःच्या साच्याचा कीस घेऊनही ही तपासणी करता येते. पैसे त्यात घातलेत तर पुढची तीन मशीनं वाचतील.

चौथी गोष्ट तुम्ही लिहिलेलीच नाही, म्हणून विचारते: केस रंगवता का?

हसू नका. कामाला लागले त्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे तुमच्याच वयाच्या एक बाई यायच्या. कानामागचं मशीन, कानात ॲक्रिलिकचा साचा. कानामागे आणि कानाच्या तोंडाशी लाल, खवले, खाज. मी साचा बदलून सिलिकॉनचा दिला. फरक नाही. पुन्हा माप घेतलं, दुसरा केला. नाही. तिसऱ्यांदा केला, तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता, माझा त्यांनी बघितला असेल. चौथ्या खेपेला त्या आल्या आणि खिडकीशी बसल्या. उजेड पडला तेव्हा कानाच्या वरच्या कडेला मला एक काळा ठिपका दिसला. डायचा. मग तारखा काढल्या. महिन्यातल्या एका रविवारी डाय, आणि मंगळवार-बुधवारपासून खाज. दर महिन्याला तेच. काळ्या डायमध्ये पीपीडी नावाचं रसायन असतं, "काळी मेहंदी" म्हणून मिळते तिच्यातही बहुतेक वेळा असतं, आणि त्याची ॲलर्जी डोक्यापेक्षा कानाच्या कडा, मान आणि पापण्यांवर जास्त उमटते. लगेच नाही, दीड-दोन दिवसांनी. मी तीन साचे वाया घालवले होते. त्यांनी डाय सोडला, पांढऱ्या केसांत फार छान दिसायच्या, आणि पहिलाच साचा पुढे कितीतरी वर्षं वापरला.

म्हणून आधी कान बरा होऊ द्या, मशीन मग. तोवर काही आठवडे मशीनशिवाय काढावे लागले तर काढा. साड्यांच्या कपाटात ते दमट होत असेल. एका घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून त्यात ठेवा. आणि तुम्हाला मधुमेह असेल आणि खाजेऐवजी कान ठणकू लागला, विशेषतः रात्री, तर पत्राची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. मधुमेहात कानाच्या नळीचा संसर्ग हाडापर्यंत जाऊ शकतो.

आता मशीन.

माझं मत सरळ आहे: तुमच्या कानाला जे सगळ्यात कमी टेकेल ते घ्यायचं. बाकी सगळं, अगदी किती चॅनेल आणि ब्लूटूथ आहे की नाही, त्यानंतर.

तुमचा साठ-आठचा घोटाळा मला बरंच सांगून जातो. 'स' हा फार बारीक, उंच आवाज आहे, त्याचा जोर ४००० हर्ट्झच्या वर असतो. वयाने ऐकू कमी येतं तेव्हा आधी हाच टोकाचा भाग जातो, 'आ' आणि 'ठ' तुलनेने शाबूत राहतात. ऑडिओग्राम काढून बघा. डावीकडे जाड आवाज असतात, उजवीकडे बारीक. डावीकडे, जिथे २५० आणि ५०० हर्ट्झ लिहिलेलं असतं तिथे, तुमची रेघ अजून वरच असेल, म्हणजे ३० डेसिबेलच्या आसपास किंवा त्याहून चांगली, तर तुम्हाला कान बंद करणाऱ्या मशीनची गरजच नाही. जाड आवाज नैसर्गिक वाटेने जाऊ द्यायचे आणि मशीनने फक्त बारीक आवाज वाढवून द्यायचे. याला ओपन फिटिंग म्हणतात. कानामागे लहान मशीन, तिथून एक बारीक तार किंवा नळी, आणि टोकाला छत्रीसारखा, भोकं असलेला मऊ डोम. हवा खेळती राहते, घाम कोंडत नाही, स्वतःचा आवाज घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा येत नाही.

यातही दोन जाती आहेत, आणि दुकानात शक्यतो एकच दाखवतात. एकीत स्पीकर कानाच्या आत, डोमच्या मागे बसतो, त्याला आरआयसी म्हणतात. हल्ली बहुतेकांना हेच देतात आणि आवाज उत्तम असतो. पण ओल्या, मळ धरणाऱ्या कानात तो स्पीकर बंद पडायला वेळ लागत नाही. दुसरीत स्पीकर कानामागच्या मशीनमध्येच असतो आणि आत फक्त बारीक पोकळ नळी जाते. ती नळी काढून साफ करता येते, बदलायलाही स्वस्त. चिपळूणच्या ओल्या कानासाठी मी ही दुसरी जात आधी वापरून बघायला सांगेन. फॅशनमध्ये नाही, म्हणून तुम्हालाच नाव घेऊन मागावी लागेल: "पातळ नळीचं, कानामागचं." चष्मा असला तरी ही दोन्ही पातळ मशीनं त्याच्या काडीबरोबर नांदतात.

जाड आवाजही बरेच गेले असतील तर मात्र ओपन डोम पुरणार नाही, आवाज गळेल, मशीन शिट्टी मारेल. मग साचा लागतो. इथे तुमचा सिलिकॉनचा प्रश्न येतो. मऊ म्हणजे सोसणारं, असं आपल्याला वाटतं. सिलिकॉनची ॲलर्जी क्वचित होते हे खरं, पण ते कातडीला चिकटून बसतं, घासतं, खाली घाम धरतं. ॲक्रिलिक कडक, पण गुळगुळीत पॉलिश केलेलं असलं की कातडीवरून सटकतं आणि नीट धुता येतं. त्याची ॲलर्जी होते ती बहुतेक वेळा पूर्ण न पिकलेल्या, कच्च्या राहिलेल्या रसायनाची. म्हणून साचा करणाऱ्याला विचारायचं, पूर्ण क्युअर केलेलं ॲक्रिलिक आहे ना? तुमच्या कातडीला ॲक्रिलिक लागत नाही असं पॅच टेस्टमध्ये दिसलं तर मी कडक साचा निवडेन, कानाची पूर्ण वाटी भरणारा नाही, सांगाड्यासारखा कोरलेला, आणि त्याला ऐकणं सोसेल तेवढं मोठं भोक. ॲक्रिलिक लागत असेल तर सिलिकॉन. अंदाजाने नाही, तपासून.

"ॲलर्जी होत नाही" हे लेबल म्हणजे बहुतेकांना होत नाही, एवढंच. तुम्ही बहुतेकांतल्या आहात की नाही ते लेबलला माहीत नसतं.

माप घेताना घाई करू देऊ नका. कानात आधी दोरा बांधलेला कापसाचा बोळा जातो, मग सिलिकॉनची पेस्ट भरतात, पाचेक मिनिटं. त्या वेळी तोंड उघडा, मिटा, चावल्यासारखं करा. जबडा हलला की नळीचा आकार बदलतो. गप्प बसून घेतलेल्या मापाचा साचा जेवताना टोचतो, आणि टोचलं की आपण त्याला ॲलर्जी म्हणतो. लाल कानाचं माप घेऊ नये हे तर झालंच. सुजलेल्या कानाला बसणारा साचा बऱ्या कानात सैल पडतो.

हाडावर लावायच्या मशीनबद्दल. कवटीच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवून त्यावर मशीन लावण्याची पद्धत स्वीडनमधल्या गॉथेनबर्गला १९७७ मध्ये सुरू झाली. ज्यांचा कान सतत वाहतो, किंवा नळीच तयार झालेली नसते, त्यांच्यासाठी ती खरी देणगी आहे. शस्त्रक्रिया नको असेल तर पट्ट्याने डोक्याला दाबून बसणारी मशीनंही मिळतात. पण ती दाबतातच, आणि तुमची कातडी दाब घेणारी नाही. स्क्रूच्या भोवतीची चामडीही काहींना त्रास देते. वयाने नस थकली असेल तर त्यातून मिळणारा फायदाही बेताचाच. बुरशी बरी होऊनही कान पुन्हा पुन्हा वाहायला लागला तर डॉक्टरांशी बोला, आज नको.

दुकानात परत जाताना पावती घेऊन जा. बदलून देण्याची मुदत लिहिली आहे का बघा, आणि "सवय होईल" हे उत्तर या वेळी घेऊ नका. सवय कशाची होते ते सांगते. पहिले काही दिवस नुसतं गुदगुल्यांसारखं वाटणं, काहींना मशीन घालताना खोकला येणं (कानाच्या नळीत एक नस आहे, तिला हात लागला की खोकला येतो), याची सवय होते. लाली, सूज, ओल यांची होत नाही, होऊही नये. नवीन मशीन घरी वापरायला किमान दोन आठवडे मागा. दुकानातल्या एसीत बसून कानाला काय सोसतं ते कळत नाही. पहिल्या दिवशी तासभर, मग रोज थोडं वाढवत न्या. समोरचा माणूस भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदवलेला ऑडिऑलॉजिस्ट, म्हणजे ऐकणं तपासून मशीन बसवणारा तज्ज्ञ, आहे का, तेही विचारा, वाईट वाटून घेऊ नका. दुसरं मत हवं असेल तर लेकीला पुण्यात धनकवडीचं भारती विद्यापीठाचं श्रवण-वाचा शास्त्राचं महाविद्यालय जवळ पडेल. मुंबईला आलात तर वांद्र्याला अली यावर जंग संस्थान १९८३ पासून हेच काम करतंय. ऑनलाइन मिळणारी स्वस्त "आवाज वाढवणारी" मशीनं मात्र तुमच्यासाठी नाहीत. सगळ्या आवाजाला सरसकट चढवतात, आणि त्यांची रबरी टोपी कुणाच्याच कानाची नसते.

रोजचं थोडक्यात. झोपताना मशीन काढायचं, रात्रभर कान मोकळा. आंघोळीनंतर कान पूर्ण वाळल्याशिवाय घालायचं नाही. डोम कोरड्या मऊ फडक्याने रोज पुसायचा आणि दोन-तीन महिन्यांत फेकून नवा लावायचा. बुरशी झाली असेल तर बरं झाल्यावर लगेच फेकायचा, नाहीतर तीच बुरशी परत कानात. साचा असेल तर तो मशीनपासून सुटा करून कोमट पाण्यात साध्या साबणाने धुवायचा, पूर्ण वाळवायचा. स्पिरिट, डेटॉल, सेंट काही नाही. माझ्याकडचे एक आजोबा मुलाने दिलेल्या सॅनिटायझरने साचा इमानेइतबारे दिवसातून तीनदा पुसायचे आणि मला विचारायचे, एवढी स्वच्छता ठेवूनही कान का भाजतो?

कान बरा झाला की ऑडिओग्रामची प्रत मला पाठवा. डोम चालेल की साचा लागेल ते त्या रेघेवरून सांगते. आणि तोवर तो आकडा अंबाड्यातच राहू द्या.